धुक्यातले पाढे

घाटात धुकं उतरलं आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. गाडी माझी मुलगी चालवत होती, मी शेजारी बसलो होतो.

"बाबा, पाय सैल सोडा," रस्त्यावरून नजर न हलवता ती म्हणाली.

ती लहान होती तेव्हा याच घाटात गाडी मी चालवायचो. धुकं आलं की तिला पाढे म्हणायला लावायचो. तिला वाटायचं, बाबा अभ्यास घेतायत. खरं तर पुढचं वळण दिसेनासं झालं की मला तिचा आवाज लागायचा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलं मोठी झाली की सोबत होते, असं म्हणतात. माझी सोबत तेव्हाच मागच्या सीटवर बसून बे एके बे म्हणत होती.

समोरून पिवळे दिवे अंगावर आले. तिने गाडी डोंगराच्या कडेला दाबली. ट्रक अगदी चाटून गेला. स्टिअरिंगवरची तिची बोटं पांढरी पडली होती. धीर द्यायला मी शब्द शोधत होतो, तेवढ्यात तीच हळू आवाजात म्हणाली, "बाबा, सोळाचा पाढा म्हणा."

मी घसा खाकरला. "सोळा एके सोळा."

तिने हॉर्न दिला आणि वळण घेतलं.