समई कुणी घासली?

जुन्या वस्तूंच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ पुसायची मला बंदी आहे, म्हणून किस्से झाडते.

दुकान इंग्लंडात, हॅम्पशायरमधल्या बेसिंगस्टोकपासून बसने वीस मिनिटांवर. मालक डॉ. आपटे, वय एकाहत्तर, रिटायर्ड हाडांचे सर्जन, एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मी ईशा. फार्मसीचं दुसरं वर्ष अर्धवट टाकलेली. आई महाराष्ट्र मंडळात सांगते, "गॅप इयर चाललंय." तिसरं गॅप इयर आहे. मोजत कुणी नाही!

बाबांनी या आपटेकाकांकडे मला चिकटवताना एकच अट घातली होती. उन्हाळाभर एकही तक्रार आली नाही, तर ईशा सुटली. आली, तर सप्टेंबरमध्ये परत फार्मसी. मला हे दुकान आवडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आवडत होतं, म्हणून नेमकी भीती वाटत होती.

*

पहिल्याच दिवशी मी ओलं फडकं घेऊन एक काळी पितळी समई पुसायला गेले. काका ऑपरेशन थिएटरमध्ये ओरडावं तसे ओरडले.

"हात काढ! ती घाण नाही, ते वय आहे! इंग्रज माणूस त्या काळेपणाचेच पैसे देतो!"

"मग काका, तुमचे केस का रंगवता?"

काकांनी फडकंच काढून घेतलं. म्हाताऱ्यांना दुसऱ्याचं वय तेवढं मौल्यवान वाटतं.

*

जूनमध्ये एका शुक्रवारी सकाळी दुकान उघडलं, तर पानाचा डबा लखलखत होता. शंभर वर्षांचा काळेपणा गायब! त्याच दिवशी तो न्यायला एक इंग्रज आजोबा आले. त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि हळूच खाली ठेवला.

"लव्हली. पण मला जुना हवा होता."

दुकानाच्या किल्ल्या दोघांकडेच, काकांकडे आणि माझ्याकडे. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पहिल्या दिवशी फडकं कुणाच्या हातात होतं?"

पुढच्या शुक्रवारी घंगाळ चमकलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी समई. मग हे चालूच राहिलं.

*

काकांनी बाबांना कळवलं. बाबा आयटीतले. त्यांनी ऑगस्टमधल्या एका रविवारी फ्रीजवर कागद चिकटवून 'रूट कॉज' काढायला घेतलं. बाण, चौकोन, तारखा. शेवटच्या चौकोनात एकच नाव होतं.

"डेटा खोटं बोलत नाही, ईशा."

"बाबा, तुमचा डेटा म्हणजे फक्त मी आहे!"

"मग झालंच की सिद्ध. पहिली तक्रार म्हणून सोडतो. अजून एकदा झालं, तर सप्टेंबर."

त्या कागदात एक भोक होतं, ते त्यांना दिसलं नाही. तीच समई दोन आठवड्यांनी पुन्हा चमकली होती. म्हणजे मधल्या काळात ती पुन्हा काळी झाली होती. पंधरा दिवसांत शंभर वर्षं कशी साचतात? मी काकांना विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हॅम्पशायरची हवा दमट आहे."

*

आता गुरुवार. गुरुवारी सुलभामावशी येतात. रिटायर्ड वॉर्ड सिस्टर, पासष्टीच्या, आवाज असा की पेशंट भीतीनेच बरे व्हावेत. त्यांचा दत्ताचा उपास असतो, म्हणून डब्यात उपासाचं थालीपीठ. काका बुधवारी बेकन सँडविच खातात आणि गुरुवारी उपास करतात. टाय लावून!

आमच्या पिढीला कमिटमेंट जमत नाही म्हणून मंडळात भाषणं देणारा हा माणूस. मावशींच्या बाबतीत गाडी दोन वर्षं एकाच वाक्यावर अडलेली: "सिस्टर, चहा टाकू?" जिच्यावर जीव आहे तिला सिस्टर म्हणायचं, मग चहा टाकायला वरच्या मजल्यावर जायचं आणि अर्धा तास खाली यायचं नाही. एवढ्या वेळात मी दोनदा ब्रेकअप केलं असतं.

*

त्या रविवारनंतरचा मंगळवार. मागच्या सिंकमध्ये पाणी तुंबलं. जाळी उचकटली, तर त्यात एक चिंचोका!

हॅम्पशायरमध्ये, जुन्या वस्तूंच्या दुकानात, चिंचोका. मला फार्मसी जमली नाही, पण चिंच-मिठाने पितळ काय होतं ते कुठल्याही मराठी पोरीला कळतं. आणि गुरुवारी मी बाराला पार्सलं घेऊन पोस्टात जाते आणि तिथूनच घरी; काका चहाला वर, खाली मावशी एकट्या, हेही आठवलं.

मी तशीच बस पकडून मावशींच्या घरी गेले.

"मावशी, दुकानातलं पितळ तुम्ही घासता?"

"मग? चिकट काळ्या समया काचेच्या कपाटात! लोक म्हणतील, मराठी माणसाचं दुकान आणि ही अवकळा!"

"अहो, त्या काळेपणाचेच पैसे मिळतात! माझ्यावर आळ आलाय! अजून एकदा झालं, तर सप्टेंबरमध्ये परत फार्मसी!"

मावशींचा चेहरा पडला. "अगं, मला वाटलं तू कामचुकार आहेस. डॉक्टरांना कळलं तर काढून टाकतील, म्हणून मीच गुपचूप घासत होते. तुझी नोकरी वाचावी म्हणून!"

माझी नोकरी वाचवायला माझी नोकरी घालवत होत्या. ज्येष्ठांची मदत म्हणतात ती हीच.

"डॉक्टरांना मीच सांगते उद्या," त्या म्हणाल्या.

"नको, मी सांगते." मला तो क्षण स्वतःसाठी हवा होता.

*

बुधवारी सकाळी तासभर आधीच पोचले. मागच्या खोलीत दिवा होता. दार ढकललं.

काका टेबलाशी बसलेले. हातात सर्जनचे ग्लोव्हज, डोळ्याला भिंग. समोर तीच समई, मावशींनी घासलेली, सोन्यासारखी. शेजारी पेटलेली मेणबत्ती आणि काळ्या बूटपॉलिशची डबी. काका कापसाच्या बोळ्याने समईच्या नक्षीतल्या पानापानावर काजळी बसवत होते, टाके घालावेत इतक्या हळुवारपणे.

मला बघून त्यांचा बोळा पडला. म्हणजे घासणारी कोण ते काकांना ठाऊक होतं, आणि तरी आळ माझ्यावर!

मी टेबलावरचा काकांचा फोन उचलला, बाबांना लावला, स्पीकरवर टाकला आणि काकांच्या तोंडासमोर धरला.

"हं, आपटेसाहेब? पुन्हा झालं का?"

काकांनी समईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काळे ग्लोव्हज हवेत तसेच.

"नाही हो. पोरीची काही चूक नाही. इथली हवाच दमट आहे. आणि सप्टेंबरचं विसरा, मला ती दुकानात लागणार आहे. कायमची."

मी फोन बंद केला. काकांनी घसा खाकरला, समई माझ्याकडे फिरवली आणि भिंग पुढे केलं.

"ईशा, या बाजूला काळं कमी वाटतंय का गं? उद्या गुरुवार आहे, सिस्टर येतील."