सात नंबरचा गुलाब

सगळे त्यांना सिस्टर म्हणत. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी दूधवाल्यापासून शेजारच्या वकिलापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. नवराही, होता तोवर, चारचौघांत त्यांना सिस्टरच म्हणायचा आणि लोक हसले की आपणही हसून घ्यायचा. सिस्टर हसत नसत. बायकांच्या वॉर्डात आयुष्य काढलेलं. रडणाऱ्या बाईला गप्प करायला त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी पुरे व्हायचं.

घराच्या मागे त्यांची गुलाबांची बाग होती. बाग म्हणजे दोन लांब वाफे, मधे विटांची वाट, टोकाला नळ आणि कोपऱ्यात एक काळी पडलेली जागा, जिथे काढलेली झाडं जाळली जायची. प्रत्येक गुलाबाला त्यांनी खाटेसारखा नंबर दिला होता. "तीन नंबरला भुरी आलीय," त्या सकाळी चहा घेताना सांगायच्या, "आणि अकरा नंबरचं काही खरं नाही." ऐकणाऱ्याला वाटावं, अजून ड्यूटीवरच आहेत.

नवीन झाडाला त्या एक हंगाम द्यायच्या. पहिला बहर येऊन गेला की कात्री हातात घेऊन प्रत्येकासमोर उभ्या राहायच्या. दांडा सरळ आहे का, फूल मान टाकतं का, पाकळ्या उन्हात टिकतात का, वास आहे की नुसताच रंग. दोन गोष्टींत नापास झालं की झाड उपटलं जायचं. शेजारणी म्हणायच्या, आम्हाला द्या की, आमच्याकडे लागेल कुठेतरी. सिस्टर देत नसत. टाकाऊ माल दुसऱ्याच्या दारात लावून आपलं नाव कशाला खराब करायचं, असं त्यांचं म्हणणं. झाड कोपऱ्यात वाळायचं आणि मग जळायचं. शिल्लक राहायचे ते मात्र असे, की रस्त्याने जाणारी माणसं कुंपणापाशी रेंगाळायची. सात नंबरचा तर काळपट लाल, घट्ट कळीचा, वासाने घर भरून टाकणारा. तो त्यांनी स्वतः डोळा भरून तयार केलेला. रानगुलाबाच्या खोडाची साल चिरून तिच्यात चांगल्या जातीचा डोळा बसवायचा, बांधायचा आणि वाट बघायची. या कामात त्यांच्या हाताला यश होतं.

दोन मुलं. मुलगी मोठी. ती डॉक्टर झाली आणि दूरच्या शहरात गेली. मुलगा बस डेपोच्या स्टोअरमध्ये सुट्या भागांचा हिशेब बघायचा. आलेल्या पाहुण्यांना सिस्टर त्याची ओळख त्याच्यासमोरच करून द्यायच्या, "पहिली चांगली धरली म्हणून हा दुसरा. असं होतं कधी कधी." मुलगा पाण्याचा पेला पुढे करून आत जायचा. पुढे पुढे तो पाहुणे यायच्या आधीच आत जायला लागला.

त्याने लग्न केलं ते लाँड्रीत काउंटरवर बसणाऱ्या मुलीशी. किरकोळ अंगाची, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं बेताचं. सिस्टरनी तिला पहिल्याच दिवशी आपादमस्तक न्याहाळलं आणि मुलाला एवढंच विचारलं, "हीच?"

सून माहेरहून एक गुलाब घेऊन आली होती, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेला. फिकट गुलाबी, मान टाकणारा, कुठल्याही परीक्षेत नापास होईल असा. तिच्या आईच्या हातचा होता, आणि आई लग्नाआधीच गेलेली. वाफ्यात जागा मिळणार नाही हे तिला न सांगताच कळलं. डबा न्हाणीघराच्या भिंतीशी ठेवला. कामावर जाण्याआधी ती त्याला पाणी घालायची, आणि फूल आलं तर त्याच्याजवळ दोन मिनिटं उकिडवी बसायची.

लग्नानंतर काही काळाने तिला दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात सगळं संपलं. ती हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा भेटायला शेजारणी जमल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, वय आहे अजून, होईल पुन्हा. सिस्टर उशीचा अभ्रा बदलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "खुंटच कमजोर असला तर डोळा कसा धरणार?"

 सून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

चालता येऊ लागल्यावर ती मागच्या दारी गेली. डबा धुऊन पालथा घातलेला होता. तिने विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "पार वाळलं होतं ते. तू नव्हतीस, पाणी कोण घालणार?" सुनेने ते खरं मानलं. आपल्याच हातून मेलं, असं तिने कितीतरी वर्षं मनाशी धरून ठेवलं. पुन्हा मूल काही राहिलं नाही.

सिस्टरची नजर जायला लागली ते प्रथम कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी ते येऊही दिलं नाही. वाटेवरच्या विटा पायांना पाठ होत्या, नंबर डोक्यात होते. पण एकदा छाटणी करताना त्यांनी कळी आलेली धडधाकट फांदी खाली टाकली आणि शेजारची वाळकी तशीच ठेवली. सून नळाशी भांडी घासत होती. तिने उठून ती कळी उचलली, सिस्टरच्या चेहऱ्यापुढे धरली. सिस्टर कळीच्या पलीकडे, कुंपणाकडे बघत होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं, आता काही करता येणार नाही. वर्षभरात उजेड आणि अंधार एवढंच उरलं.

मग बागेसाठी सुनेचे डोळे लागले. मुलाला रोग आणि धूळ यांतला फरक कळत नसे. सुनेला मात्र लाँड्रीतल्या कामाने डाग वाचायची सवय होती. चहाचा कुठला, गंजाचा कुठला, ती लांबून सांगायची. तेच तिने पानांवर केलं. काळे ठिपके कडेला आहेत की मधे, भुरी कोवळ्या शेंड्यावर आहे की कळीवर, ती सांगायची आणि सिस्टर खुर्चीत बसून हुकूम सोडायच्या. सून अगदी खरं खरं सांगायची. एकदा सिस्टर म्हणाल्या, "नजर चांगली आहे हं तुझी." लग्न झाल्यापासून त्यांनी तिला म्हटलेला हा पहिला चांगला शब्द. त्या दिवशी सून कामावर गेली ती हलक्या पावलांनी. रात्री तिने नवऱ्यालाही सांगितलं.

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी एका नव्या झाडाबद्दल बोलता बोलता सिस्टर सहज म्हणाल्या, "मान टाकतंय ना? मग काढ. तुझ्या त्या डब्यातल्यासारखंच ते. तेही मी उपटलं तेव्हा मुळं पांढरीशुभ्र होती, जिवंत होतं चांगलं. पण ठेवण्यासारखं नव्हतं."

 हातातलं पान सुनेने खाली टाकलं, आणि त्या दिवशी ती लाँड्रीत गेली नाही. मागच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून राहिली. सिस्टरनी जेवायला हाक मारली तेव्हा आत येऊन तिने सासूला वाढलं.

त्या वर्षीची मोठी छाटणी झाली. झाडांवर ना फूल ना वास, नुसत्या काड्या आणि कोवळी फूट. नेहमीप्रमाणे सिस्टर वाटेवर खुर्ची टाकून बसल्या आणि एकेका नंबरची चौकशी करू लागल्या. सून म्हणाली, चार नंबर ठीक आहे. सहा नंबर ठीक आहे. मग म्हणाली, "आई, सात नंबरला मर लागलीय. वरून खाली काळा होत चाललाय."

सिस्टर सरळ बसल्या. "सातला? बघू."

अकरा नंबरला खरंच मर लागली होती. सुनेने त्याची काळी पडलेली काडी तोडून त्यांच्या हातात दिली. सिस्टरनी ती बोटांनी चाचपली, नखाने साल खरवडली, नाकाशी नेली. बराच वेळ ती त्यांच्या मांडीवर पडून होती. त्या म्हणाल्या, "पसरायच्या आत काढा. मुळासकट."

मुलाला बोलावलं. तो फावडं घेऊन आला आणि सात नंबरपाशी थांबला. झाडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तांबूस, तकतकीत फूट होती. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि नेहमीपेक्षा थोड्या मोठ्याने म्हणाली, "पार वाळलाय हो."

 आई खुर्चीत होती, मान एका बाजूला कलती करून ऐकत. मग त्याने फावडं मारलं. मुळं खोल होती. त्याला घाम फुटला, पण त्याने मधे हात थांबवला नाही.

सिस्टरचा नियम होता, रोगट झाड लगेच जाळायचं. कोपऱ्यात कागद आणि पालापाचोळा घालून पेटवलं, तेव्हा जाळ कमी आणि धूरच जास्त झाला. सिस्टर खोकल्या. म्हणाल्या, "ओला आहे का गं? वाळलेल्याचा एवढा धूर होत नाही."

"दव पडलंय रात्री," सून म्हणाली.

त्यानंतर ते सोपं झालं. थोड्या थोड्या दिवसांनी एक. चांगल्यातला चांगला आधी. दर वेळी एखादी रोगट काडी सासूच्या हातात, दर वेळी सासूचाच हुकूम. काही झाडं तिने उपटलीही नाहीत. वरचा भरलेला डोळा कापून टाकला आणि खालच्या रानटी खोडाला वाटेल तसं वाढू दिलं. मुलगा फावडं मारायचा आणि हात धुऊन डेपोत जायचा. नवराबायकोत या विषयावर एक अक्षर बोलणं झालं नाही. मात्र त्या दिवसांत दोघं संध्याकाळी बरोबर फिरायला जाऊ लागली, हे गल्लीने पाहिलं.

सिस्टर रोज विचारायच्या, आज काय फुललंय. सून सांगायची. रंग सांगायची, पाकळ्या सांगायची. वास येत नाही म्हटल्यावर म्हणायची, वय झालं की नाकही जातं. सिस्टरनी आपल्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना हेच सांगितलेलं होतं. 

मग मुलगी आली. दोन वर्षांनी, दोन दिवसांसाठी. चहाचा कप घेऊन मागच्या दारी गेली आणि तिथूनच म्हणाली, "आई, हे काय झालंय बागेचं? सगळं रान माजलंय."

सिस्टर उठल्या. मुलीला म्हणाल्या, माझा हात धर आणि एकेका झाडाशी ने. वाट तीच होती, पण त्या पहिल्यांदाच अडखळत चालल्या. पहिल्या झाडाचं पान त्यांनी दोन बोटांत धरलं आणि त्याची दलं, एका देठावरची छोटी पानं, मोजली. चांगल्या गुलाबाला पाच, रानट्याला सात. सात होती. पुढच्यालाही सात. त्यापुढे हाताला काहीच लागलं नाही, नुसती माती. सात नंबरच्या जागी त्या खाली वाकल्या आणि हात मातीवर ठेवून तशाच राहिल्या.

सून दारात उभी होती. सिस्टरनी बांगड्यांच्या आवाजाच्या अंदाजाने तिच्याकडे तोंड वळवलं.

"वाळला नव्हता ना?"

"तुम्ही काढा म्हणालात," सून म्हणाली. "मी काढला."

मुलगी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. दुपारी सिस्टरनी तिला खोलीत बोलावून दार लावायला सांगितलं. मला तुझ्याकडे घेऊन चल, म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं असेल तर ते हेच. मुलीने त्यांचा हात हातात घेतला आणि समजावणीच्या सुरात बोलली. तिचं घर वरच्या मजल्यावर, ड्यूट्या वेडीवाकड्या, दिवसभर घरात माणूस नाही. इथे निदान पायाखालची वाट तरी ओळखीची आहे. शेवटी म्हणाली, "आई, तूच सांग, नीट विचार केलास तर हेच बरं नाही का?" पेशंटच्या नातेवाइकांना सिस्टर ज्या आवाजात बाहेर जायला सांगायच्या, तोच आवाज होता. निघताना मुलीने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि काळजी घे म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सिस्टरनी सुनेला हाक मारली. खुर्चीजवळ बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "डोळा भरायला शिकवते तुला. रानटी खोडं तयारच आहेत. माझे हात अजून चालतात. तुला हवा तो रंग आण."

हे त्यांच्याकडचं शेवटचं देणं होतं, आणि सुनेला ते कळलं.

"नको," ती म्हणाली. "मला जागा लागणार आहे."

तिने लाँड्रीतली नोकरी सोडली आणि घरीच धंदा सुरू केला. मुलाने वाफे सपाट केले, फरशी घातली, लोखंडी खांब रोवून दोऱ्या ताणल्या. लॉजच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येऊ लागल्या. धंदा चांगला चालला. हाताखाली माणूस ठेवायचा विचार होता, पण सिस्टर दिवसभर रिकाम्याच बसलेल्या असत. सुनेने त्यांची खुर्ची दोऱ्यांखाली आणून ठेवली आणि वाळलेल्या चादरी मांडीवर दिल्या.

घड्या घालणं त्यांना शिकवावं लागलं नाही. कोपऱ्याला कोपरा, कड दाबून, वॉर्डातल्यासारखी. त्या एकेक घडी करून डाव्या हाताला रचत जातात. सून येते, थप्पी वरपासून खालपर्यंत बघते. बहुतेक बरोबर असतात. तरी त्यातली एखादी ती उचलते, झटकून मोकळी करते आणि पुन्हा त्यांच्या मांडीवर टाकते. "ही नाही जमली," म्हणते.

सिस्टर चादरीचा कोपरा शोधतात आणि पुन्हा घडी घालायला घेतात.