जेवणाची चौकशी

मळमड्डी भागातली आमची शेजारीण अजून कॉलेजात आहे, पण दिसेल त्याला थांबवून विचारते, "जेवण झालं का?" कानडी माणसाला कानडीतून, चौकातल्या पोलिसाला त्याची शिट्टी थांबवून! उत्तर मिळाल्याशिवाय सुटका नाही.

पुढं शिकायला झुरिक की नेपल्स, हे ठरवायला ती दोन्ही शहरं बघून आली. नेपल्समध्ये तिनं हे विचारताच एका अनोळखी आजीनं हाताला धरून घरी नेलं आणि पोटभर वाढलं. झुरिकच्या ट्राममध्ये विचारलं, तर सगळा डबा खिडकीबाहेर बघू लागला.

"म्हणजे नेपल्सच!" मी निकाल जाहीर केला.

"छे हो अण्णा, झुरिक! तिथं कुणी कुणाला विचारतच नाही. कुणीतरी सुरुवात करायला नको?"