दाभणाखालची फ्लॉपी

गांधीबागेतल्या शेठजींच्या ठोक कापडाच्या दुकानात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यासोबत मीही आले. कॉम्प्युटर कायमचा होता, मी मात्र कच्ची. "दिवाळीपर्यंत पाहू, मंग पक्कं करू," असं शेठजी म्हणाले होते. माझी ही पहिलीच नोकरी. ती हातची जाऊ नये म्हणून मी सकाळी शटर उघडायच्या आधीच दारात उभी असायचे.

कॉम्प्युटर चोरीला जाईल याची शेठजींना फारशी काळजी नव्हती. एवढं धूड उचलून चोर जाईल कुठवर, असं त्यांचं म्हणणं. धास्ती होती ती फ्लॉपीची. गावोगावच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि प्रत्येकाला लावलेला भाव कॉम्प्युटरात नाही, तर फक्त त्या काळ्या, लवचिक चौकोनात होता, आणि समोरच्याच दुकानात त्यांचा चुलतभाऊ बसायचा. तो आमच्याकडे बघून नुसता हसला तरी शेठजी फ्लॉपी कुठे आहे ते विचारायचे. संध्याकाळी निघताना माझा जेवणाचा डबासुद्धा उघडून बघत. मला भयंकर राग यायचा. पण पक्कं व्हायचं होतं, म्हणून मी आपणहून झाकण काढून डबा पुढे करायचे.

फ्लॉपीची आणखी एक कॉपी काढून ठेवू या, असं मी एकदा सुचवलं.

"काहून? चोराले दोन-दोन पाहिजे काय?" शेठजी म्हणाले.

त्यांचा भरवसा शिलाईवर होता. परगावी जाणाऱ्या कापडाच्या गाठी तरटात घालून दाभणाने शिवायच्या, म्हणजे वाटेत कोणी हात घातला तर उसवलेला टाका लगेच दिसतो. तोच कायदा फ्लॉपीला. गाठी शिवणारे काका रोज संध्याकाळी ती मांजरपाटात बेताने शिवून देत आणि शेठजी ती तिजोरीत ठेवत. सकाळी मी टाके उसवत बसायचे. कॉम्प्युटर सुरू व्हायला लागायचा त्याहून जास्त वेळ त्यातच जायचा.

दिवाळीच्या तोंडावर काका नातवाच्या बारशाला गावी गेले. त्या दिवशी मी घरी गेल्यावर शेठजी स्वतः दाभण घेऊन बसले. सकाळी मी कडेचे टाके कापले, तरी मांजरपाट सुटेना. मजबुतीसाठी शेठजींनी मधोमध एक टाका मारला होता. सुतळी फ्लॉपीतून आरपार गेली होती.

उसवत मी होते. भोक माझ्या कात्रीचं आहे म्हणायला शेठजींना कितीसा वेळ लागतो? मी सुतळी तशीच ठेवली आणि फ्लॉपी दोन्ही हातांवर धरून शेठजींसमोर नेली.

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "चोरी तर नाही झाली ना?"

"नाही."

"हं." मग त्यांनी समोरच्या दुकानाकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे माह्याच हातानं झालं, मॅडम."

पुढे कितीतरी दिवस शेठजी जुन्या बिलांवरून गिऱ्हाइकांची नावं आणि भाव वाचत होते, आणि मी टाइप करत होते. भाव मात्र ते माझ्या कानात सांगायचे. काम संपल्यावर त्यांनी दोन कॉप्या काढायला सांगितल्या. एक तिजोरीत गेली. दुसरी हातात घेऊन ते विचारात पडले. घरी न्यावी, तर चुलतभावाचा राबता त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत.

"तुमीच घेऊन जा घरी," ते म्हणाले. त्या संध्याकाळी मी सवयीने डबा पुढे केला, तर त्यांनी झाकणाला हातही लावला नाही. पक्की झाल्याचं मला तेव्हाच कळलं. डोळे भरून आले, म्हणून मी घाईने सायकलचं कुलूप काढू लागले.

सक्करदऱ्यापर्यंत एक हात पिशवीवर ठेवूनच सायकल चालवली. मागून येणारा प्रत्येक माणूस मला त्या चुलतभावाचा वाटत होता. घरी आल्यावर दाराला कडी घातली आणि आईला सांगितलं, की अख्खं दुकान ह्यात आहे, आणि शेठजींनी ते माझ्या भरवशावर दिलंय.

आईने पदराला हात पुसले, फ्लॉपी जपून उचलली आणि म्हणाली, "फडक्यात शिवून देऊ काय वं?"