सगळंच किरकोळ

जालना रोडवरच्या आमच्या मेकॅनिकला सगळंच किरकोळ. बिडकीनहून एक जीप दोन तुकड्यांत बैलगाडीवर आली, तरी गडी म्हणाला, "किरकोळ हाय, भाऊ!"

आईला घेऊन सिल्लोडच्या लग्नाला निघालो, तर माझी म्हातारी गाडी उचक्या द्यायला लागली. तशीच त्याच्या गॅरेजात नेली. त्यानं चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. तिसरी काढली तरी इंजिनाच्या आवाजात फरक नाही, म्हणजे तोच प्लग बंद होता. "ह्यो प्लग तेलात पोहतोय," तो हसला. गळती शोधायला त्यानं इंजिनाला नवरदेवासारखी पावडर फासली, वाकला, आणि त्याचं हसू विझलं. ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकत होतं. धूर निघाला.

"किरकोळच ना?" मी विचारलं.

मागचं दार उघडून त्यानं आईला उचललं आणि रस्त्यापलीकडं पळाला. तिनं तिकडून हाक मारली, तेव्हा कुठं माझे पाय हलले.