उस्तादांची गिट्टी

नांदेडच्या आमच्या नेमबाजी क्लबातील उस्तादांइतका निर्दोष हात मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आणि त्या हाताला दोष चिकटवणारा माणूस मीच, हे मी चार वर्षे कोणालाही सांगितले नाही. मी नीतिशास्त्राचा प्राध्यापक. त्यामुळे मौनाची समर्थने मला सहज सुचत गेली.

उस्ताद घड्याळजींच्या घराण्यातले. लोक मोबाइलमध्ये वेळ पाहू लागले तेव्हा ते दुकान बंद करून क्लबाची पिस्तुले सांभाळू लागले. पॉइंट टू-टूचे पिस्तूल साफ करायला घेतले की आधी मॅगझिन काढायचे, मग नळीच्या मागच्या तोंडात डोकावायचे, मग तिथे करंगळी घालायची. "उस्ताद, आत्ताच तर पाहिलंत," असे मी एकदा म्हणालो. "ते मघाचं झालं, सर. रिकामं हाय म्हणून सगा बाप सांगून राहिला तरी बोट घालूनच बघायचं!" ही सवय इतकी मुरली होती की एसटीतल्या रिकाम्या आसनावरही ते चाचपल्याशिवाय टेकत नसत. पुढे पांढऱ्या टॉवेलवर एकेक भाग सुटेल त्या क्रमाने मांडला जाई आणि पंखा बंद होई, मग नांदेडात मे महिना का असेना. "स्प्रिंग उडाली की माणूस तिच्यामागं पळतंय अन् अक्कल बसती टेबलावर," हे त्याचे कारण. एका बड्या पाहुण्यांना शिंक येऊ लागली तेव्हा उस्ताद अदबीने उठून दार उघडते झाले : "साहेब, तेवढी बाहेर काढून या." नळीत कापडाचा बोळा गळाच्या दोरीने मागून पुढे ओढायचा; पुढच्या तोंडाला गज घासणारा माणूस त्यांच्या लेखी जनावर होता. तेल सुरम्याइतके, "भजी न्हाईत तळायची." आणि भाग अडला तर जोर लावायचा नाही; "आपलंच काही तरी चुकलं आसं समजायचं." याच शिस्तीने त्यांनी घरचा मिक्सर उघडला, तेव्हा तीन दिवसांनी त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, मला म्हणाल्या, "मिक्सर तो चमक रहा भाईजान, चटणी किधर है?"

परंतु या सर्व शास्त्राचा कळस म्हणजे गिट्टी. भिंतीत स्क्रू बसवताना घालतात, ती प्लास्टिकची. या जातीच्या पिस्तुलाची सुई काडतुसाच्या मध्यावर आपटत नाही, कडेवर आपटते. आत काडतूस नसेल तर ती थेट नळीच्या काठावर बसते आणि काठ चेपतो. म्हणून जोडणी झाल्यावर उस्ताद काडतुसाच्या जागी गिट्टी घालत आणि मगच चाप ओढून पाहत.

एका दुपारी गिट्टी घातलेले पिस्तूल माझ्या भरवशावर ठेवून ते नमाजाला गेले. गिट्टीमुळे चापाचा आवाज दबका येतो. मला तो खणखणीत हवा होता. मी गिट्टी काढली, करंगळी घालून पाहिले (तेवढी शिस्त पाळली!) आणि चाप पुन्हा चढावा म्हणून दर वेळी मागची पट्टी ओढून भिंतीवरच्या कॅलेंडरातील एकेका रविवारावर खटका मारला. रविवार संपल्यावर सणांवर आलो. मग गिट्टी पुन्हा जागेवर ठेवली.

पुढच्याच आठवड्यात लातूरच्या स्पर्धेत आमच्या क्लबातल्या एका पोराचे काडतूस त्याच पिस्तुलाच्या नळीत अडकले. उस्तादांनी डोळ्याला भिंग लावले, नळीचा चेपलेला काठ बराच वेळ पाहिला आणि मग भिंगातून स्वतःची बोटे पाहिली. "गिट्टी घालायची राहून गेली माझ्याकडून," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "अन् एकदा न्हाई, लई येळा. मला याद कशी न्हाई?" मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "चालायचंच, उस्ताद. वय होतं." माझ्या उदारपणाचे तेव्हा कौतुक झाले.

त्यांनी क्लबाच्या कपाटाच्या किल्ल्या परत दिल्या आणि पुन्हा कशालाही पेचकस लावला नाही. गॅसची कळ तीनदा पाहू लागले. जेवलो का, हे भाभींना विचारू लागले. न विसरलेल्या एका गोष्टीपायी त्यांचा आपल्या साऱ्या आठवणींवरचा विश्वास उडाला. गेल्या महिन्यात लातुरात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने ठरवले, "अब्बा-अम्मींना आता एकटं ठेवायचं न्हाई." नांदेडचे घर बंद होणार होते.

निघण्याच्या सकाळी मी गेलो. सामान बांधलेले होते. उस्ताद स्वयंपाकघराच्या दारातून गॅसकडे पाहत उभे होते.

"उस्ताद, ती गिट्टी तुम्ही घातली होती," मी म्हणालो. "मी काढली. तुम्ही नमाजाला गेला होता."

ते वळले. त्यांनी पंखा बंद केला आणि माझ्यासमोर बसले.

"किती येळा मारला खटका?"

"बावन्न रविवार. आणि सगळे सण."

"मोहरमसुद्धा?"

"मोहरमसुद्धा."

त्यांची बोटे गुडघ्यावर सावकाश उघडली, मिटली. मी ती दोन्ही हातांत घेतली.

"तुम्ही काहीही विसरला नव्हता, उस्ताद. चूक माझी होती, आणि मी गप्प बसलो, ही त्याहून मोठी. मला माफ करा."