वेल्डिंग केलेलं वजन

धनेश खोटारडा माणूस नव्हे, बरं का. पण साध्या गोष्टीला तिखटमीठ लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. अंबाजोगाईकडून चाकणला आला तेव्हा अंगात रग होती. आता चाळिशी आली तरी काम तेच. बिनच्या पेटीतून गाडीचा जड लोखंडी ब्रेक ड्रम उचलायचा, मशीनवर चढवायचा, झाला की उतरवायचा, की पुढचा उचलायचा. दिवसभर वाकायचं. ठेकेदार बदलले, गळ्यातलं ओळखपत्र बदललं, ड्रम काही बदलला नाही. कमरेला रुंद पट्टा आवळून तो कंपनीच्या बसमध्ये चढायचा आणि वर म्हणायचा, "चॅम्पियनचा पट्टा आहे भावा, असातसा नाही." कंबर किती दुखते ते घरात फक्त रुपालीला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं.

त्यांची लेक तनुजा आठवीत. मैत्रिणीच्या नादानं ती मोशीतल्या एका व्यायामशाळेत वेटलिफ्टिंग शिकायला जायला लागली. रुपालीला धास्ती. पोरीची उंची खुंटली म्हणजे? मग एकदा दोघं नवराबायको तिथल्या रश्मी मॅडमना भेटायला गेले.

"वजनानं उंची खुंटत नाही हो ताई," मॅडम म्हणाल्या. "घाईनं दुखापत होते. वाढतं अंग आहे तिचं. आधी नीट बसणं-उठणं, पाठ सरळ ठेवणं. मग काठी. मग रिकामा, हलका दांडा. वजन कधी लावायचं ते मी सांगेन, आणि तेही माझ्या डोळ्यांसमोर. घरी काही उद्योग नकोत."

रुपालीचा जीव भांड्यात पडला. धनेशनंही मान डोलावली. पण बाहेर आल्यावर गाडीला किक मारता मारता म्हणालाच, "काठी उचलायला क्लास कशाला लागतो? घरी झाडू आहे की."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सोपानरावांनी विचारलं, "किती उचलती रं तुजी पोरगी?" सोपानराव चाकणजवळच्याच गावचे, जुने. त्यांचे वडील ज्या रानात कांदा काढायचे तिथं आता कंपनीचं गेट, आणि हे त्याच गेटातून पॅकिंगला कामाला जातात. सगळी बस त्यांना मानायची. आता एवढ्या लोकांत 'काठी' कसं म्हणायचं?

"पन्नास किलो!" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बसमध्ये टाळ्या पडल्या. आणि खरं सांगायचं तर धनेशला फार बरं वाटलं. कंपनीत त्याला नावानं हाक मारणारे दोघंचौघं, बाकीच्यांना तो नुसता 'ए लोडिंग'. बसमध्ये मात्र तो पन्नास किलो उचलणाऱ्या पोरीचा बाप झाला. मग रोजचं सुरू झालं, "काय धनेशभाऊ, साठ झाले का?"

यातनं सुटायचं कसं, तर शहाण्यानं खोटं खरं करायचं ठरवलं. भंगारच्या दुकानातून दोन रिजेक्ट ब्रेक ड्रम आणले, एक जाड शाफ्ट आणला आणि ओळखीच्या वेल्डरकडे गेला. वेल्डर बिचारा विचारत होता, "ड्रम सुटे होतील असं करू का?"

"सुटे कशाला? पक्कं मार. जन्मात हलता कामा नये."

काट्यावर पन्नास किलो भरलं. लाल रंग मारला आणि टेम्पोतून घरी आणून टीव्हीशेजारी ठेवलं. त्याला वाटलं, पोरगी उड्या मारेल. तनुजानं हात फिरवला, हसली, मग खाली वाकून दोन्ही टोकं पाहिली. "पप्पा, हे कमी कसं करायचं?"

"कमी कशाला करायचं? वाढवायचं असतं वेडे."

बापानं स्वतः रंगवलेला दांडा, त्याला नको कसं म्हणणार पोर? पण मॅडमनी बजावलेलंही तिला आठवत होतं. तिनं त्याला हात लावला नाही. रुपाली रोज झाडताना त्याभोवतीनं झाडू फिरवायची आणि नवऱ्याकडे बघायची.

एवढ्यात खंडेनवमी आली. कंपनीत मशीनला हार, नारळ, पेढे. पूजा झाली की मशीन बंद, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. धनेश खुशीत घरी निघाला तर बसमधली मंडळी त्याच्याच स्टॉपवर उतरली. "आज टाइम हाय राव. बघूच की पन्नास!"

घरात रुपालीनं शिलाई मशीन, धनेशचे पाने आणि तो लाल दांडा असं सगळं मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. दांड्यावर झेंडूचा हार. सोपानराव खाली बसले आणि म्हणाले, "चल बाळा, हूं दे पन्नास किलो!"

तनुजानं बापाकडे पाहिलं. त्या एका नजरेत तिला सगळं कळलं, आणि तिला कळलं हे धनेशलाही कळलं.

रुपालीनंच तोंड उघडलं. "मामा, पूजेतल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो. कंपनीत लावलात का?"

"ते बी खरं हाय, सूनबाई." सोपानरावांनी मान हलवली. धनेशनं सुटकेचा श्वास सोडला न सोडला तोच ते पुढं म्हणाले, "मंग उद्याच येतो आमी. सोनं द्यायला."

मंडळी चहा पिऊन गेली. रुपाली कपबशा विसळत म्हणाली, "आता?"

"उचलेल ती. एकदाच तर उचलायचंय."

"तुमची कंबर कितीदा गेली होती? एकदाच ना?"

धनेश दांड्याभोवती फेऱ्या मारू लागला. इकडे आड, तिकडे विहीर. पोर आजारी आहे म्हणावं? पाहुणे विचारपूस करायला येतील. ड्रम कापून टाकावेत? कशाला कापले विचारतील. खरं सांगावं? मग त्याच बसमध्ये रोज जायचं, रोज यायचं. तिथनं उतरून जाणार कुठं? त्याला स्वतःची चीड आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

दसऱ्याला मंडळी आपट्याची पानं घेऊन आली. या वेळी बायकाही बरोबर. तनुजा शाळेचा पीटीचा ड्रेस घालून तयारच होती. ती बापाच्या कानाशी म्हणाली, "पप्पा, मी उचलते. तुमचं हसं नको."

ती शिकवल्यासारखी बसली. गुडघ्यात वाकून, छाती पुढं, पाठ सरळ. जोर लावला. दांडा जागचा हलला नाही.

"जोर लाव, बाळा!" कुणीतरी ओरडलं.

तिनं पुन्हा ओढलं. या वेळी कंबर आधी वर आली आणि तिची पाठ गोल झाली. धनेशनं स्वतःची पाठ कधी पाहिली नव्हती, पण लाईनवर शेजारच्यांच्या पाठी तो जन्मभर पाहत आला होता. अशाच गोल. आता तीच पाठ पीटीच्या ड्रेसमध्ये त्याच्यासमोर होती. तो पुढं सरकला.

"सोड."

"होईल पप्पा, थांबा..."

"सोड म्हणतो ना!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारचं दार उघडलं. मग तो दांड्यावरच बसला. "मी खोटं बोललो. पोरगी काठी उचलते, नुसती काठी. हे तिच्या अंगाचं वजन नाही. माझ्या तोंडाचं आहे."

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. धनेशनं मान खाली घातली. हसतील त्यांचे दात दिसतील, असं मनाशी म्हणायला सोपं असतं. कान मात्र तापले होते.

सोपानरावांनी पानाची पिचकारी टाकायला खिडकी शोधली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "काठी? ती रं कशी उचलत्यात?"

तनुजानं फरशी पुसायची काठी आणली आणि करून दाखवलं. हळू बसली, हळू उठली. सोपानरावांनी काठी घेतली. बसताना गुडघे असे वाजले की बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ते कसेबसे उठले, पण उठले. "जल्म गेला उचलण्यात," ते म्हणाले, "आमाला हे कुणी शिकवलंच न्हाई की गं!"

मग काय, त्या एवढ्याशा खोलीत एकेक बाप्या काठी घेऊन बसायला-उठायला लागला. शेवटी धनेशची पाळी. तनुजानं त्याच्या पाठीवर तळवा टेकवला. "इथनं नका वाकू, पप्पा. गुडघ्यातनं. घाई नाही." तो बसला, उठला. कमरेत कळ आली नाही. त्याला खरंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट. धनेशनं गुडघ्यात बसून, पाठ सरळ ठेवून ड्रम उचलला. मग दुसरा, मग तिसरा. कंबर गप्प! तो एकटाच हसला. तेवढ्यात मशीनवरचा लाल दिवा लागला.

"ए लोडिंग, झोपलास का?" सुपरवायझर धावत आला. "पुढचं मशीन रिकामं पडलंय."

"साहेब, नीट उचलतोय."

"नीट घरी उचल. इथं पटपट उचल. गेटवर भरतीला पोरं उभी आहेत."

धनेशनं लाल दिव्याकडे पाहिलं. पट्टा एक भोक पुढं आवळला आणि कमरेतनं वाकून ड्रम उचलला. दिवा हिरवा झाला. मग दुसरा उचलला, मग तिसरा.

घरी आला तेव्हा तनुजा दारातच उभी. "पप्पा, जमलं का आज? पाठ सरळ?"

"जमलं की!" तो चपला काढता काढता म्हणाला. "दिवसभर तसंच उचललं. सगळी लाईन बघत होती."

पोरीचा चेहरा फुलला. आत रुपालीनं शेकायच्या पिशवीसाठी पाणी तापत ठेवलं.